डावा दंड

“ए रुद्रे, माझ्या वाटची पण तूच टोचून घे की! तुझा दंड बघ, तालमीतल्या पैलवानासारखा. माझं नुसतं चिपाड,” असं म्हणत सुंदरम्मानं मागून रुद्राणीच्या पाठीत कोपर खुपसलं आणि ती फिदीफिदी हसली. तिच्या मागची हसली, तिच्या मागची हसली, असं करत करत ते हसू शाळेच्या हॉलच्या दारापर्यंत, म्हणजे दहावी ‘ब’च्या शेपटापर्यंत गेलं. एरवी अशा वेळी रुद्राणी सगळ्यांत मोठ्यानं हसायची. तिचं हसणं मोठ्या बाईंच्या ऑफिसात ऐकू जातं अशी ख्याती होती, आणि त्या ख्यातीचा तिला हल्ली अभिमानही वाटायला लागला होता. पण आज तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. माझ्या वाटची तूच घे. हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. जवळजवळ हेच, फक्त मराठीत नव्हतं, आणि सांगणारी हसत नव्हती.

रांगेच्या तोंडाशी टेबल होतं. टेबलावर पांढरा कपडा, कपड्यावर बर्फाचा डबा, शेजारी भरभरणारा स्टोव्ह आणि त्यावर उकळत्या पाण्यात खुळखुळणाऱ्या काचेच्या पिचकाऱ्या. स्पिरिटचा वास हॉलभर पसरला होता, आणि त्या वासानं निम्म्या मुलींची तोंडं आधीच कडू झाली होती. शहरात पटकीचे दोन पेशंट सापडले, त्यातला एक तर शाळेच्या मागच्याच पेठेतला, म्हणून ही टोचणी. नळाला चार दिवसांतून एकदा पाणी, आणि तेही असं की घागर भरली की धोबीघाटावर उभं राहिल्यासारखं वाटावं, इतका पावडरीचा वास. रुद्राणीची आई ते पाणी गाळून, उकळून, वर तुळशीचं पान टाकून द्यायची आणि म्हणायची, देवाला तरी कसं चालतंय हे. टेबलामागे पेडणेकर डॉक्टर बसले होते. कोकणातले, सोलापूरच्या उन्हानं भाजून निघालेले, दर दोन मुलींमागे रुमालानं मान पुसणारे. त्यांना बघितल्यावर खरं तर रुद्राणीला पुढं धावत जाऊन “डॉक्टर, मी!” असं म्हणायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ती त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून दुष्काळी कामावर गेली होती ना! आता मात्र ती पुढच्या मुलीच्या वेणीआड जरा वाकून उभी राहिली. का, ते तिचं तिलाच कळेना.

तेव्हाचं असं झालं होतं की जत्रेचा गड्डा उठून पंधरा दिवस झाले असतील नसतील, आणि मोठ्या बाई वर्गात येऊन म्हणाल्या, “कानडी कुणाकुणाला येतं?” कुणाचाच हात वर नाही. कानडी म्हणजे घरातलं, चुलीपाशी आज्जीशी बोलायचं. शाळेत ते डब्यातल्या कालच्या भाकरीसारखं झाकून ठेवायचं. पाचवीत असताना रुद्राणी एकदा ‘पाणी’ला ‘नीरु’ म्हणून गेली होती, तेव्हा अख्खा वर्ग वर्षभर तिला नीरू म्हणत होता. पण यंदा तिच्यात काहीतरी झालं होतं. उंची वाढली होती, आवाज ठणठणीत झाला होता, वक्तृत्वात ढाल मिळाली होती. तिनं हात वर केला, तोही नुसता नाही, सरळ बाकावरून उठून. दुधनीच्या अलीकडे पाझर तलावाचं काम निघालं होतं. हजारभर माणसं माती उपसत होती, त्यातली बरीचशी सीमेकडची, कानडी बोलणारी. त्यांना पटकीची लस टोचायची होती, नावं लिहायला हातही कमी आणि तोंडंही कमी. रविवारी पाच मुली निघाल्या. बाकीच्या चौघी नुसत्या लिहायला. रुद्राणी बोलायला! जीपमध्ये ती पुढं बसली होती. डॉक्टरांनी स्वतःहून बसवलं होतं. म्हणाले, “रुद्राणी, आज तू माझी जीभ.” अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते तिला तेव्हा समजलं.

आणि ते काम! तिनं दुष्काळ वर्तमानपत्रात बघितला होता, तो काळा-पांढरा होता. हा तांबडा होता. माती इतकी उडत होती की बायकांच्या भुवया, पापण्या, कपाळावरची विभूती, सगळं एका रंगाचं. पाट्यांची रांग वर चढत होती, रिकाम्या पाट्यांची खाली उतरत होती, आणि मधे उभा राहून निंगप्पा मुकादम दोन्ही भाषांत ओरडत होता, “चिठ्ठी न्हाय तर हजरी न्हाय! सुई घ्या, चिठ्ठी घ्या, मगच मस्टर!” ही युक्ती वरून आली होती. माणसं सुईला भितात, लपून बसतात. मग सुई हजेरीला बांधून टाकायची. डॉक्टर जीपमध्ये किती खूश होऊन सांगत होते, “कामाचं खातं एकीकडे, आमचं खातं दुसरीकडे, असं चालत होतं आजवर. ते खड्डे खणणार, आम्ही त्याच खड्ड्यात माणसं पुरणार. दुष्काळात माणूस भुकेनं जातो त्याहून जास्त घाण पाण्यानं जातो गं. आता बघ, दोन्ही खाती एका चिठ्ठीत आली.” रुद्राणीला ते इतकं आवडलं की तिनं ते मनात तसंच्या तसं लिहून ठेवलं, भाषणासाठी.

रांग एका पावलानं पुढं सरकली. पुढं कुणीतरी “आई गं” केलं, कुणीतरी “गप की, मुंगी चावली असं समज” म्हणालं. सुंदरम्मा मागून पुन्हा, “रुद्रे, तू बोलंना का? भ्याली की काय तू?” “गप गं,” रुद्राणी म्हणाली, “मला आठवू दे.” “काय?” काय, हेच तर सांगता येत नव्हतं. एक बाई आठवत होती. धिप्पाड, पायांत जोडवी, डोळे मिचकावत हसणारी. ती पहिल्यांदा टेबलापाशी आली तेव्हा म्हणाली, गुरम्मा. नवऱ्याचं नाव? तर पदर दातात धरून ती मागं वळली आणि मागच्या म्हातारीला खुणावलं, तूच सांग बाई. म्हातारीनं ठणकावून सांगितलं, रुद्रप्पा! सगळ्या बायका तसंच करत होत्या. जिच्या तिच्या नवऱ्याचं नाव दुसरीनं सांगायचं. नवऱ्याचं नाव आपल्या तोंडानं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. बाकीच्या चौघी लिहिणाऱ्या यानं पार वैतागून गेल्या होत्या. रुद्राणीला वैताग नव्हता. आई अजून अण्णांना ‘अहो’ म्हणत नव्हती, ‘ऐकलं का’ म्हणत होती. गुरम्मानं उजवा दंड पुढं केला, सुई घेतली, चिठ्ठी कमरेला खोचली, गेली. ती सत्त्याण्णव नंबर होती. की अठ्ठ्याण्णव?

मग पंधरा-वीस बायकांनंतर एक आली. डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत. नाव? नागम्मा. नवऱ्याचं? “शिवशरण,” ती म्हणाली. पटकन. मागं न वळता, पदर दातात न धरता, बाजारात गुळाचा भाव सांगावा तसं. रुद्राणीचा हात कागदावर थांबला. आपल्या नवऱ्याचं नाव असं कुणी सांगत नाही. तिनं मान वाकडी करून पदराखाली बघितलं, तर तेच मिचकावणारे डोळे. खाली बघितलं, तीच जोडवी. तिला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. गोष्टीतला गुप्तहेर पकडावा आणि तोही आपणच, एकटीनं! डॉक्टर शेजारीच होते, पिचकारीत औषध ओढत होते. त्यांना काय कळणार? रुद्राणी हळूच कानडीत म्हणाली, “आत्ताच येऊन गेलात की तुम्ही.” गुरम्मा घाबरली नाही. पुढं वाकून, घरातल्या पोरीला सांगावं तसं म्हणाली, “आकीदू नानऽ तगोतीनि, तंगी.” तिच्या वाटची मीच घेते, बाळ. मग भराभर बोलत सुटली: नागम्मा तिची धाकटी जाऊ. वीस दिवसांचं लेकरू अंगावर पितंय. सुईनं ताप येतो, तापानं दूध आटतं. लेकराला दुसरं काय घालायचं, माती? आणि चिठ्ठी न्हाय तर हजरी न्हाय. “म्या घेतली काय, तिनं घेतली काय! चूल एकच हाय आमची. तिचा सोमवार म्या धरत्ये, तिचा नवस म्या फेडला, मंग सुईनं काय घोडं मारलंय? माजा दंड दांडगा हाय.” हे सगळं ती कानडीत म्हणाली होती, पण रुद्राणीला ते आता आज्जीच्या दोन्ही बोलींत एकदमच ऐकू येत होतं, कुठलं कुठल्या भाषेत होतं ते वेगळं काढता येईना. डॉक्टर म्हणाले, “काय म्हणतेय?” रुद्राणी म्हणाली, “काही नाही. दुखेल का विचारतेय.” डॉक्टर हसले. आणि गुरम्मानं, आधीच्याच दंडावर दुसरं भोक दिसू नये म्हणून, डावा दंड पुढं केला.

एकशे सतरा. हा आकडा मात्र पक्का आठवत होता, कारण तो लिहिताना तिनं मुद्दाम अक्षर वळणदार काढलं होतं. एकशे सतरा, नागम्मा शिवशरण.

दुपारी सुट्टीत गुरम्मानंच तिला हाक मारून बाभळीखाली नेलं. साडीच्या झोळीत ते एवढंसं लेकरू निजलेलं, आणि शेजारी नागम्मा, रुद्राणीपेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठी, कामावर वाटलेल्या सुखडीचा तुकडा चघळत बसलेली. चिठ्ठी तिनं मंगळसूत्राच्या दोऱ्यात अडकवून ठेवली होती, ताईत असल्यासारखी. ती रुद्राणीकडं बघून असं काही हसली, की रुद्राणीला वाटलं, आपण कुणाचं तरी मोठं काम केलं. गुरम्मानं तांब्या पुढं केला. “टँकरचं न्हाय हां, औषधाचा वास मारतोय त्याला. वढ्यात झरा उकरलाय आमी, तितलं हाय. पी.” पाणी गार होतं, गोड होतं, मातीचा वास असलेलं. रुद्राणी घटाघटा प्याली. नागम्मानं उरलेलं पिऊन तांब्या पालथा घातला. ते पाणी पिताना डॉक्टरांचं सकाळचं घाण पाण्याबद्दलचं बोलणं तिच्या डोक्यात कुठं होतं? तिथंच होतं की, तोंडपाठ! पण ते भाषणाच्या कप्प्यात होतं आणि तांब्या हातात होता. संध्याकाळी जीपमध्ये ती गाणी म्हणत आली. सोमवारी प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी तिला बोलायला उभं केलं. ती म्हणाली, “तीनशे बेचाळीस बंधुभगिनींना आम्ही मृत्यूच्या दाढेतून...” आणि टाळ्या इतक्या वाजल्या की पुढचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. बक्षीस म्हणून निळं शाईपेन मिळालं. ते आत्ताही तिच्या कंपासपेटीत होतं. तीनशे बेचाळीस. एक वजा केला तर तीनशे एकेचाळीस. तरी टाळ्या तेवढ्याच वाजल्या असत्या. मग एक का वजा केला नाही? कारण तो एक तिला आवडला होता. ते तिचं गुपित होतं, तिच्या भाषेतलं, इतर कुणाला न कळलेलं.

आता पुढं सातच मुली राहिल्या होत्या आणि डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायला लागलं. मोठ्या बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. “उद्या परत तिकडेच, बाई. दुधनीकडे. शेजारच्या कामावर हगवण-उलटीनं दोघं गेली परवा. आमच्या तलावावरही एक-दोघांना लागलीये म्हणतात.” “अरे देवा! पण आपल्या मुली तर...” “तेच सांगतोय. नशीब यादी चोख आहे. लस आलीये निम्मी. चिठ्ठीवाल्यांना हातच लावायचा नाही, नवे आलेत तेवढेच टोचायचे. ही यादी नसती तर मी मेलोच होतो.” “आमची रुद्राणी,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि मान उंच करून रांगेत तिला शोधायला लागल्या. रुद्राणी आणखी वाकली.

चिठ्ठीवाल्यांना हातच लावायचा नाही. म्हणजे एकशे सतराला. म्हणजे मंगळसूत्राच्या दोऱ्यात ताईत अडकवून नागम्मा बाभळीखाली बसून राहणार, आणि डॉक्टरांची जीप तिच्या पुढून जाणार, आणि ती जीपकडं बघून तशीच हसणार. एक-दोघांना लागली म्हणजे कुणाला? डॉक्टरांनी नाव सांगितलं नव्हतं. त्यांना नावं कुठं माहीत असतात, आकडे माहीत असतात. सांगून टाकावं. पण सांगितलं की पहिलं काय होणार? निंगप्पा मुकादम चिठ्ठी काढून घेणार. खोटी चिठ्ठी, हजेरी बंद. दोघींची बंद, कारण दोघींनी मिळून फसवलं. एक चूल, ती थंड. आणि फसवलं कुणी? दंड गुरम्माचा, नाव नागम्माचं, अक्षर रुद्राणीचं. तिच्या डोक्यात हे सगळं गिरणीच्या भोंग्यानंतर माणसं सुटावीत तसं एकदम सुटलं आणि दारात अडकून बसलं. न सांगितलं तर ती मरेल. सांगितलं तर ती उपाशी राहील. की दोन्हींतलं काहीच होणार नाही? गुरम्माला दोनदा टोचलं तर तिला दुप्पट ताप आला असेल का? मग ती दुसऱ्या दिवशी कामावर आली असेल का? हा प्रश्न इतक्या दिवसांत आपल्याला पडलाच कसा नाही?

आणि मग एक आणखी वाईट गोष्ट तिला आठवायला लागली. डावे दंड. त्या दिवशी कुणी कुणी डावा दंड पुढं केला होता? एक म्हातारी होती, तिनं डावा दिला. पण तिच्या उजव्या हाताला गळू होतं. होतं का? एक तरणी बाई, हातभर हिरवा चुडा, डावाच. एक बाप्या, धोतरवाला, तोही. तिला एकापाठोपाठ एक दंड दिसायला लागले. तोंडं नाहीत, नुसते दंड, तांबड्या मातीनं माखलेले, स्पिरिटनं पुसलेल्या जागेवर तेवढा एक काळा चकचकीत रुपया. डावा, उजवा, उजवा, डावा, डावा. पण लोक डावा देतातच की, उजव्यानं पाटी उचलायची असते! मग डावा म्हणजे खरा की खोटा? दुसऱ्या चार मुलींना कानडी येत नव्हतं. त्यांच्यापुढं किती जणी ‘शिवशरण’ असं पटकन म्हणून गेल्या असतील? चूल एकच हाय. तिथं चुली किती होत्या?

“हं, पुढं या. अरेच्चा! माझी जीभ आली!” डॉक्टर म्हणाले. टेबल अचानक समोर आलं होतं. मोठ्या बाई हसल्या. सुंदरम्मा मागून म्हणाली, “डॉक्टर, आमच्या रुद्रीला दोन टोचा, माझी एक तिला!” सगळ्या पुन्हा हसल्या. रुद्राणी म्हणाली, “यादीत चूक आहे.”

तिला वाटलं होतं, आवाज बारीक येईल. पण तो तिचा नेहमीचाच आवाज आला, ढालीवाला, हॉलभर. डॉक्टरांचा रुमाल मानेवर थांबला. “कसली चूक?” “एका बाईला टोचलंच नाहीये. चिठ्ठी दिलीये. मी दिलीये.” “म्हणजे? विसरलो आपण?” इथं ‘हो’ म्हटलं असतं तर चाललं असतं. किती सोपं होतं! “नाही. तिच्या जावेनं तिच्या वाटची घेतली. मला माहीत होतं.” मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. “रुद्राणी!” एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दात ढाल, पेन, टाळ्या सगळं जमिनीवर सांडल्याचा आवाज झाला. डॉक्टर चिडले नाहीत, तेच वाईट. त्यांनी पिचकारी बशीत ठेवली आणि हळू विचारलं, “नंबर काय?” “नंबर नाही सांगणार.” “काय?” “आधी चिठ्ठी काढून घेणार नाही म्हणा. मुकादमाला सांगणार नाही म्हणा. मग मी उद्या येते आणि तुम्हाला ती बाई दाखवते. तुम्ही टोचा. चिठ्ठी तिची तिच्याकडं राहू दे.” आपण डॉक्टरांना अट घालतोय, हे तिला बोलून झाल्यावर समजलं.

“अगं पण तिनं घेतली का नाही? सुईला भ्याली?” “लेकरू आहे अंगावर. तापानं दूध आटतं.” “कुणी सांगितलं? आटत नाही!” डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. “एक दिवस कणकण येते, बस. पाजत राहायचं, पाणी उकळून प्यायचं. दूध कशाला आटतंय?” रुद्राणीला राग आला. कुणाचा ते कळेना, पण आला, आणि ती म्हणाली, “मग हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं का? नुसतं चिठ्ठी न्हाय तर हजरी न्हाय! दूध आटत नाही असं त्यांना कुणी म्हणालं का?” डॉक्टरांनी रुमालानं मान पुसली. मग ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, नुसता दमलेला माणूस होता, “मला भाषा कुठं येते, बाळ? तू होतीस की.”

रुद्राणीला बाभूळ दिसली, झोळी दिसली, गार तांब्या दिसला. त्या तांब्याच्या दोन्ही बाजूंना दोघी जणी. आणि मधे एक पोरगी, जिला डॉक्टरांचंही कळत होतं, त्या दोघींचंही कळत होतं आणि जी आपल्याला कळतंय या आनंदात पाणी पीत होती.

“एकच की अजून आहेत?” डॉक्टरांनी विचारलं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. हे तिनं त्या दिवसापासून बोललेलं पहिलं पूर्ण खरं वाक्य असावं, असं तिला वाटलं. आणि लगेच तेही खरं आहे की नाही, ते समजेना. डॉक्टर बर्फाच्या डब्याकडं बघून मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. “चिठ्ठी नाही काढणार,” ते शेवटी म्हणाले. “पण मुकादम माझा नोकर नाही, हे लक्षात ठेव. सात वाजता जीप. घरी विचारून ये. आणि नुसती नावं लिहायची नाहीत उद्या.” मग त्यांनी पिचकारी उचलली. “कुठला दंड?”

साधा प्रश्न, पण रुद्राणी उभीच राहिली. उजवा वर उचलला, खाली केला. मग डाव्याची बाही वर सारली. स्पिरिट गार लागलं. ती खिडकीबाहेरच्या पांढऱ्याफटक आभाळाकडं बघत होती आणि तोंडातल्या तोंडात एक वाक्य जुळवत होती. दूध आटत नाही. दूध म्हणजे हालु. आटणं? आज्जी विहिरीबद्दल बोलताना काय म्हणते? आटली, सुकली, बत्तली... बत्त! विहीर बत्तते, तसंच दूधही बत्तत असेल का, की दुधाला वेगळा शब्द आहे? आज घरी गेल्या गेल्या विचारायचं. नागम्मा ऐकेल का? नागम्मा असेल ना तिथं? त्या एक-दोघांत ती नसेल ना? असली तर हे वाक्य कुणाला सांगायचं? सुई आत गेली. मुंगी नव्हती चावली, चांगलं इंगळी डसल्यासारखं झालं, आणि तिला वाटलं, हे गुरम्मानं एकाच दिवसात दोनदा घेतलं, डोळे मिचकावत.

“झालं,” डॉक्टर म्हणाले. कापूस दाबून धरत ती बाजूला झाली. सुंदरम्मा आता हसत नव्हती. डोळे मोठे करून, आपलं चिपाड पुढं धरून उभी होती. तिनं हळूच विचारलं, “दुखलं का गं, रुद्रे? लई दुखतंय?”

“हालु बत्तंगिल्ल,” रुद्राणी म्हणाली.

सगळी रांग खो खो हसली. कुणीतरी “नीरू, नीरू!” करून ओरडलं. रुद्राणीनं कापूस आणखी घट्ट दाबला, आणि दाराकडं जाता जाता तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा सावकाश, पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणून बघितलं.